काळी नदीपलीकडचे सायकस

बुधवार, सावंतवाडी

सायकस म्हटलं की कोकणात डोळ्यांसमोर येते ती बंगल्याच्या फाटकाशी दोन्ही अंगांना लावलेली बुटकी जोडी. पानं कडक, टोचरी, कडा खालच्या बाजूला वळलेल्या. हा जपानी सायकस रिव्होल्युटा, मूळचा क्युशू आणि त्याच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचा. तो आपल्याकडे इतका रुळला आहे की आपल्याच डोंगरात त्याचा एक मोठा, देखणा भाऊबंद पिढ्यानपिढ्या उभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सायकस सर्सिनालिस. सगळ्या जगात रानटी अवस्थेत तो फक्त सह्याद्रीच्या पट्ट्यात उगवतो: केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचं अगदी दक्षिण टोक. निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याला त्याच्या जागी उभा असलेला पाहायचं, एवढ्यासाठी ही सहल आखली. गाडी चालवायला धाकटा भाऊ, आणि बरोबर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी जुनी मैत्रीण.

दुपारी महामार्गालगतच्या एका नर्सरीत थांबलो. मे महिना, त्यामुळे गिऱ्हाइकांची झुंबड हापूसच्या कलमांवर आणि जायफळाच्या रोपांवर. मागच्या शेडमध्ये मात्र गोणपाटात गुंडाळलेली काही खोडं आडवी ठेवलेली होती. पानं छाटलेली, मुळं तोडलेली, एकेक खोड कमरेएवढं. एकाला शेंड्याशी दोन पानं राहिली होती. मैत्रिणीने त्यातली एक पर्णिका, म्हणजे पानाच्या दांड्यावरचं एक बारकं पान, बोटांत धरली आणि मला हात लावायला सांगितलं. रुंद, सपाट, मऊसर. कडा वळलेल्या नाहीत. म्हणजे जपानी नव्हे, आपला.

मग ती खोडाजवळ उकिडवी बसली. सायकसचं पान गळतं तेव्हा देठाचा बुंधा खोडावरच राहतो. वर्षानुवर्षांचे असे बुंधे एकमेकांना चिकटून खोडावर चौकटींची दाट नक्षी तयार होते. त्या चौकटींच्या फटींत काजळी होती. नख फिरवलं तर काळं निघालं.

"नर्सरीत वाढलेल्या झाडाला वणवा कुठे लागेल?" ती म्हणाली.

पाणी घालणाऱ्या पोराला विचारलं. त्याने मोकळेपणाने सांगितलं, "वरून येतत, बाई. घाटातून कोण कोण आणून देतत. बंगलेवाले नेतत."

तिथून निघालो तेव्हा गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. कमरेएवढं खोड व्हायला या झाडाला अनेक दशकं लागतात. सायकसच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराखाली येतो. आंध्रातल्या तिरुपती-कडप्पाच्या डोंगरांतला सायकस बेडोमी तर त्याच्या सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात आहे. पण देशातल्या देशात, एका घाटातून एका बंगल्यापर्यंत जाणारा टेम्पो कोण अडवणार?

आणि झाड उपटणं हे नुसतं एका झाडाचं नुकसान नसतं. सायकसमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. बागेत एकटा लावलेला सायकस शंभर वर्षं जगला तरी त्याच्या पोटी बी धरत नाही. दक्षिण आफ्रिकेत न्गोयेच्या जंगलात 1895 मध्ये जॉन मेडली वुड यांना एक सायकसवर्गीय झाड सापडलं, एन्सेफॅलार्टोस वुडी. ते नर होतं. त्याची मादी आजवर कोणाला मिळालेली नाही. आज जगभरच्या बागांत त्याची जी झाडं आहेत ती सगळी त्या एकाच्या पिल्लांपासून केलेली, म्हणजे सगळी नरच. झाडं वाढली, जात मात्र तिथेच थांबली.

संध्याकाळी मोती तलावाला एक फेरी मारली. जेवणात बांगड्याचं तिखलं होतं, ते फार चांगलं होतं.

गुरुवार, दोडामार्ग

आज सायकस दिसण्याची अपेक्षा नव्हती. तरी हेवाळे-बांबर्डेची कानळाची राई वाटेवर असताना न पाहता पुढे जाणं मला पटलं नसतं. रानजायफळाचं हे दलदलीतलं जंगल 2021 मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. क्षेत्र 2.59 हेक्टर, एखाद्या जमीनदाराच्या आंबाबागेपेक्षाही कमी. देवाची राई म्हणून गावाने कुऱ्हाड लावू दिली नाही, म्हणूनच ती उरली.

बाहेर ऊन फटफटीत, आत शिरलं की अंगावरचा घाम गार पडतो. पायाखाली बारमाही पाणी. या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती वाकून वर येतात आणि पुन्हा खाली जातात. सगळी जमीन त्या उभ्या गुडघ्यांनी भरलेली. एका जाड वेलीपाशी मैत्रीण थांबली. नेटम. बी फळाच्या आत न ठेवता उघड्यावर धरणाऱ्या वनस्पतींपैकी ही एक, म्हणजे सायकसची लांबची नातलग. सायकस पाहून माणूस माड समजतो, पण माडाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा गोतावळा देवदार, पाइन, गिंको आणि ही नेटमची वेल.

भावाने तिथे एक चांगला प्रश्न विचारला. एवढ्या ओल्या, अंधाऱ्या जंगलात सायकस उगवला असता तर किती उंच गेला असता?

त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात आहे, मैत्रीण म्हणाली. क्वीन्सलँडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डेनट्रीच्या वर्षावनात लेपिडोझॅमिया होपी नावाचा सायकसवर्गीय वृक्ष आहे. जगातल्या साऱ्या सायकसवर्गीयांत तो सर्वांत उंच. सतरा मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चांगल्या वाढलेल्या माडाच्या बरोबरीने. पानं दोन-तीन मीटर लांब, गर्द हिरवी, तकतकीत, आणि टोकांना काटे नाहीत. क्वीन्सलँडमध्ये ऊसशेतीचा पाया घालणाऱ्या लुई होप यांचं नाव त्याला दिलेलं आहे. तो सखल भागातल्या पावसाळी जंगलात, ओढ्यांच्या काठाने आणि उतारांवर वाढतो. डोक्यावर मोठ्या वृक्षांचं छत असतं, त्यातून गळणारा थोडा उजेड मिळवण्यासाठी तो उंच होत जातो. घाई मात्र त्यालाही नाही. तिथल्या आदिवासींनी त्याच्या विषारी बिया धुऊन, विष काढून खाण्याची रीत शोधून काढली होती. किनाऱ्यालगतच्या सखल जंगलाचा मोठा भाग पुढे उसाखाली गेला, तेव्हा त्या झाडाचीही जागा आकसली. हे सगळं मी कानळाच्या मुळांमध्ये उभी राहून ऐकत होते आणि समोरच्या टेकडीवर रबराच्या सरळ रांगा दिसत होत्या.

त्या रबराच्या निमित्तानेच आजचा सर्वांत मोलाचा तास मिळाला. दोडामार्ग भागात केरळातून येऊन स्थायिक झालेले बरेच बागायतदार आहेत. त्यांच्यापैकी एकांच्या घरी चहाला थांबलो. त्यांची आई कोळिकोडकडची. मालवणी तिला आता मुलापेक्षा चांगली येते. मैत्रिणीने मोबाइलवर सायकसचं चित्र दाखवलं, तशी म्हातारी उठून बसली.

"ह्या ईन्त! आमच्या परसात होता."

मग तिने सगळं सांगितलं. बी फोडायची, आतला गर कापून उन्हात वाळवायचा, मग पाण्यात घालायचा. पाणी रोज बदलायचं. "एक दिस चुकलो तर पोटात जाता विख," ती म्हणाली. पुन्हा वाळवायचं, कुटायचं, पिठाच्या लहान गोळ्या वळायच्या आणि मटणाच्या रश्शात शिजवायच्या. ईन्त पिडी. पावसाळ्यात घरात तांदूळ संपत आले की हेच पीठ. तिच्या बोटांनी हवेत गोळ्या वळल्या जात होत्या.

मैत्रिणीने तिला विषाचं नाव सांगितलं नाही, मला मात्र नंतर सांगितलं: सायकॅसिन. यकृतावर घाव घालणारं आणि पाण्यात विरघळणारं. पाण्यात विरघळतं म्हणूनच रोज पाणी बदलायची रीत उपयोगी पडते. हे सायकॅसिन रसायनशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात वेगळं केलं. मलबारातल्या आणि डेनट्रीतल्या बायकांनी ते त्याआधी कितीतरी पिढ्या बादलीभर पाण्याने काढून टाकलं होतं. वाचणाऱ्यांपैकी कोणी हौसेने करून बघू नये. ज्यांच्या घरात ही रीत चालत आली आहे त्यांनाच त्यातलं कळतं, आणि गुरांनी सायकसची पानं खाल्ली तर त्यांचे मागचे पाय लुळे पडतात, हेही लक्षात असू द्यावं.

निघताना मी विचारलं, "आता इथे लावलात का ईन्त?"

"नाय गो बाय. एकटा लावून काय करतलंय? जोडी व्हयी."

शुक्रवार, कारवार

दिवस गाडीतच गेला. म्हापसा, नव्या पुलावरून जुवारी, मडगाव, करमल घाट, काणकोण, पोळे. करमल घाटातली सावली सोडली तर सांगण्याजोगं काही नाही. सदाशिवगडाच्या पायथ्याशी काळी नदी ओलांडली. शेजारचा जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळला.

कारवारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, म्हणून आधी समुद्रावर गेलो. मैत्रीण वाळूवरच्या भरतीच्या रेषेत बिया शोधत चालली. उंडीची फळं, सुरूची बोंडं, एक गारंबीची बी. सायकसची नाही, आणि मिळणारही नव्हती. का, ते तिने समजावलं तेव्हा मला हे झाड पहिल्यांदा नीट कळलं.

सायकसच्या काही जातींच्या बियांमध्ये कवचाच्या आत हलका, भुसभुशीत थर असतो. त्या बिया समुद्रावर तरंगतात. अशा जाती लाटांबरोबर बेटाबेटांवर गेल्या: पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. आपल्या सर्सिनालिसच्या बीमध्ये तो थर नाही. पाण्यात पडली की बुडते. त्यामुळे समुद्रापासून इतक्या जवळ राहूनही हे झाड कधी समुद्र ओलांडून गेलं नाही. घाटाचा उतार, त्याखालचा उतार, ओढ्याची खोरी, एवढाच त्याचा संसार. इथून गेलं की ते कुठूनच परत येणार नाही.

दिसण्यातल्या साधर्म्याने मोठा घोळही झाला होता. बेटांवरच्या अनेक सायकसना लोक बरीच वर्षं सर्सिनालिसच म्हणत. ग्वाम बेटावरचा सायकस त्यांतलाच, तो आज सायकस मायक्रोनेसिका या नावाने वेगळा ओळखला जातो. त्याची गोष्ट ऐकून मला बुधवारची नर्सरी पुन्हा आठवली. आशियातला एक खवलेकिडा शोभेच्या सायकसच्या व्यापारातून जगभर फिरला, 2003 मध्ये ग्वामला पोचला आणि तिथलं रानातलं सायकस त्याने काही वर्षांत उजाड केलं. त्याआधी तो त्या बेटावरचा फार मोठ्या संख्येने असलेला वृक्ष होता.

रात्री तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. जेवताना ऱ्हीडचा विषय निघाला. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला, हॉर्टस मलबारिकस, 1678 ते 1693 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेला. त्याच्या तिसऱ्या खंडात 'तोड्डा पन्ना' या नावाने हा सायकस आहे, मोठमोठ्या चित्रांसकट. कार्ल लिनियसने 1753 मध्ये सर्सिनालिसला नाव दिलं, ते त्या वर्णनाच्या आणि चित्रांच्या आधाराने. मला त्यात सर्वांत जवळची वाटते ती निराळी बाब. या ग्रंथासाठी झाडांची माहिती देणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. कोकणातून कोचीनला गेलेल्या सारस्वत समाजातले. त्यांनी लिहून दिलेलं कोंकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेलं आहे, तारीख 1675 ची. म्हणजे या झाडाच्या शास्त्रीय नावाची मुळं ज्या ग्रंथात आहेत, त्याच्या पानांवर आपली अक्षरं आहेत.

शनिवार, रानात

जागेचं नाव सांगणार नाही. ज्यांना खोडं हवी असतात तेही असले मजकूर वाचतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याला, एवढं पुरे. वनखात्याची परवानगी मैत्रिणीने महिनाभर आधी काढली होती आणि वाट दाखवायला गावातले एक दादा होते, पन्नाशीचे, घरी कोंकणी आणि आमच्याशी मराठी बोलणारे.

पहाटे निघालो. सुपारीच्या बागा मागे पडल्या, ओढा ओलांडला, आणि मला वाटलं आता कालपरवासारखं दाट, ओलं रान लागेल. दादा मात्र ओढ्याकडे न वळता उजव्या हाताच्या चढाला लागले. ऐन, किंजळ, कुंभा, मधूनच बांबूचं बेट. पानं गळलेली, पाचोळा करकरत होता, जागोजागी जांभा आणि काळा खडक उघडा. सर्सिनालिसला हीच जागा आवडते: डोंगरउताराचं, वर्षातले काही महिने कोरडं होणारं, खडकाळ रान. पाऊस भरपूर हवा, पण पाणी पायाशी थांबता कामा नये.

चढ संपता संपता दादा थांबले आणि नुसता हात वर केला.

उतारावर वणवा येऊन गेला होता. खालचं गवत, झुडपं, सगळं काळं. त्या काळ्यातून काळीच खोडं उभी होती, कोणी कमरेएवढी, कोणी दोन पुरुष उंच, एक मध्येच दुभंगून दोन शेंडे झालेलं. आणि प्रत्येक खोडाच्या टोकाला कोवळ्या, पोपटी पानांचं भरगच्च चक्र. माझे डोळे भरून आले. त्या राखेत दुसरं काहीही हिरवं नव्हतं.

नर्सरीतल्या खोडावरची ती काजळी इथे सगळ्यांच्या अंगावर होती. देठांच्या बुंध्यांचा तो जाड थर आतल्या जिवंत भागाला आगीपासून जपतो. वरची पानं जळतात, शेंडा वाचतो, आणि मग सगळी नवी पानं एकाच वेळी बाहेर पडतात. वणवा दरवर्षी आला तर मात्र रोपं टिकत नाहीत, हे दादांनीच सांगितलं. मोठी झाडं उभी दिसतात म्हणून रान ठीक आहे असं समजू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उतारावर आम्हाला विचारलं, "बारकीं खंय आसात, दाखयात." आम्ही शोधलं. गुडघ्याखालचं एकही रोप नव्हतं.

एका कमरेएवढ्या झाडापाशी मी जवळजवळ तासभर बसले. पानं पूर्ण उघडली नव्हती. मधला दांडा ताठ, लुसलुशीत, बारीक तपकिरी लव असलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत्येक पर्णिका घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली. खालच्या सुटत आलेल्या, वरच्या घट्ट. बोटाच्या टोकाने एक हलकेच सरळ केली तर सोडताच परत वळली. एका पानावर अशा दोन-दोनशे. उन्हं वर येत गेली तशी मुंग्यांची एक रांग दांड्यावरून चढू लागली. त्यांच्या मागावर पाहिलं तर गुंडाळीच्या पोटात हिरवट, चपट्या, तांदळाहून थोड्या मोठ्या अळ्या. प्लेन्स क्युपिड नावाच्या निळ्या फुलपाखराच्या. मुंग्या अळीच्या पाठीवर मिशा आपटत, तिच्या अंगातून पाझरणारा गोड थेंब पीत, आणि त्या बदल्यात तिच्याभोवती राखण करत. बंगल्यांच्या सायकसवर ही अळी पडली की माळी फवारणी करतो. इथे तिने काही पर्णिका खाल्ल्या होत्या, बाकीच्या उलगडत होत्या.

दुपारच्या आधी नर सापडला. शेंड्याच्या मधोमध उभा, हातभर लांब नारिंगी-तपकिरी शंकू, खवल्याखवल्यांचा, प्रत्येक खवल्याचं टोक काट्यात वर वळलेलं. जवळ जाण्याआधीच वास आला: उग्र, आंबूस, थोडा पिकल्या फणसाचा. मैत्रिणीने शंकूखाली कागद धरून एक टिचकी मारली. पिवळी धूळ पडली आणि तिच्याबरोबर काही चिमुकले भुंगेरे, जे लगेच पाय आवरून मेल्याचं सोंग घेऊन पडले. वाऱ्याने परागकण उडत असतील असं फार काळ समजलं जात होतं. खरं काम या भुंगेऱ्यांचं. सायकसवर्गीयांच्या पुष्कळ जातींत शंकू पक्व होताना आतून तापतो, वास पसरतो, कीटक येतात, परागात माखतात आणि मादीकडेही जातात. हा सगळा व्यवहार ठरावीक जातीचं झाड आणि ठरावीक भुंगेरा यांच्यातला. खोड टेम्पोत चढलं की भुंगेरा मागे राहतो.

पाऊलवाटेच्या कडेला पावसाने माती खचून एका झाडाची मुळं उघडी पडली होती. साधी मुळं खाली जात होती. त्यांच्यातूनच काही फांद्याफांद्यांचे, गाठीगाठींचे झुबके उलटे वर, मातीच्या पृष्ठाकडे वाढलेले. एक तुटलेला तुकडा मैत्रिणीने ब्लेडने आडवा कापला. पांढऱ्या गाभ्याभोवती निळसर हिरवं वलय. नॉस्टॉक, म्हणजे निळे-हिरवे सूक्ष्मजीव, हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देणारे. एवढ्या उघड्या खडकावर, जळलेल्या मातीत हे झाड कशावर जगतं, ते त्या वलयात दिसलं. तो तुकडा तिने परत मातीत पुरला.

दादांनी शिदोरी सोडली. तांदळाची भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी, कैरीचं लोणचं. भावाने विचारलं, डायनासोरच्या काळातलं झाड म्हणतात ते हेच ना? हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं, म्हणून इथे नीट लिहिते. सायकसवर्गीयांचा वंश सुमारे 28 कोटी वर्षं जुना आहे आणि डायनासोरांच्या वेळी तो पृथ्वीवर फार पसरलेला होता, हे खरं. पण आज जिवंत असलेल्या साडेतीनशेहून अधिक जाती तितक्या जुन्या नाहीत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांतल्या बहुतेक गेल्या सुमारे 1 कोटी 20 लाख वर्षांत निर्माण झाल्याचं दिसलं, डायनासोर जाऊन तेव्हा पाच कोटींवर वर्षं लोटली होती. मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. जुनं, काळाने विसरलेलं, आपोआप टिकून राहणारं असं हे काही नाही. या डोंगरांवर, इथल्या पावसात घडलेलं झाड आहे.

रविवार, मादीचा उतार, आणि परत

सकाळी दादांनी ओढ्यापलीकडचा दुसरा उतार दाखवला. इथे वणवा पोचलेला नव्हता, आणि इथे माद्या होत्या.

सायकसच्या मादीला शंकू नसतो. शेंड्यावर तपकिरी, मखमली लवेची वीतभर पातींची गर्दी असते आणि प्रत्येक पातीच्या कडेला बीजांडं धरलेली, उघडीच. बी जड होत जाते तशा त्या पाती बाहेर झुकून खोडाभोवती लोंबू लागतात. एका झाडावर नवी पाती आणि गेल्या हंगामातल्या पिवळ्या-नारिंगी, मोठ्या सुपारीएवढ्या बिया दोन्ही होतं. मैत्रिणीने लव बाजूला करून एक कोवळं बीजांड दाखवलं. त्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं छिद्र. परागकण तिथून आत शिरतो, महिनोन्‌महिने आत राहतो, आणि मग त्यातून शुक्रपेशी सुटून पोहत अंड्याकडे जातात. अंगावर हजारो केस फिरवत पोहणाऱ्या शुक्रपेशी, एवढ्या मोठ्या झाडात! जपानमध्ये 1896 मध्ये हिरासे यांनी त्या गिंकोत पाहिल्या आणि त्याच वर्षी इकेनो यांनी सायकसमध्ये. सायकसवर्गीयांच्या शुक्रपेशी वनस्पतींमध्ये सर्वांत मोठ्या, काही जातींच्या तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढ्या दिसतात. शेवाळ आणि नेचे पाण्यावाचून फळत नाहीत. हे झाड ते पाणी बीजांडाच्या आतच जपून ठेवतं.

खाली पाचोळ्यात कुरतडलेल्या बिया होत्या. वरची सालच खाल्लेली, कवच शाबूत. साळिंदर, असं दादा म्हणाले. आम्ही पाहिलं नाही. त्या पाचोळ्यात, मोठ्या झाडांच्या सावलीत, रोपं होती. एक पान, दोन पानं, तीन पानं. मैत्रिणीने वहीत नोंद केली: नर किती, मादी किती, रोपं किती, वणव्याची खूण कुठवर. दादा तिच्यासाठी झाडं मोजत पुढे चालले होते आणि प्रत्येकाला हात लावत होते.

खालच्या टोकाला तीन खड्डे होते. ताजे नव्हते, कडा ढासळलेल्या. एकाशेजारी तोडलेली पानं वाळून पडलेली.

"गेल्या साली," दादा म्हणाले. "रातीचे आयिल्ले."

त्यांच्या सांगण्यावरून एक ठरलं. बिया पिकून पडायला लागल्या की ते वनखात्याच्या माणसांसमक्ष त्यांतल्या काही गोळा करून घराशेजारीच वाफा करणार, आणि रोपं वणव्याच्या उतारावर लावणार. तिथल्या नरांना जोडी हवी आहे, या रोपांतली काही तरी माद्या निघतील. नर की मादी हे झाड शंकू धरेपर्यंत कळत नाही आणि त्याला बरीच वर्षं लागतात, म्हणून रोपं जास्त करायची. मैत्रीण पावसाळ्यानंतर मोजणीला परत जाणार आहे.

ज्यांना हे झाड पाहायचं आहे त्यांच्यासाठी: लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत सायकसवर्गीयांचं स्वतंत्र दालन आहे, तिरुवनंतपुरमजवळ पालोडच्या उष्णकटिबंधीय उद्यानातही चांगला संग्रह आहे. रानात जायचं तर वनखात्याच्या परवानगीने आणि गावातल्या माणसाबरोबर जावं, फोटोवरचं ठिकाण बंद ठेवावं. आणि नर्सरीत काजळी लागलेलं खोड दिसलं तर ते घेऊ नये. फोटो काढून जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा. सावंतवाडीजवळच्या त्या शेडचे फोटो आम्ही परतीच्या वाटेवर दिले.